रक्तपिशाच्च पाहिजे (स्वतःचा मेकअप असल्यास प्राधान्य)

आदित्य सरपोतदारांनी 26 जानेवारी 2022 ला 'झोंबिवली' आणला आणि डोंबिवलीत झॉम्बी सोडले. मग 2024 मध्ये त्यांचा 'मुंज्या' चालला, हाताशी हिंदीतला पैसा आला आणि 2025 च्या दिवाळीत 'थामा'मधून जंगलातले रक्त पिणारे वेताळ निघाले. आमचं म्हणणं एवढंच, की मुडदे मराठीत आणि पैसेवाली पिशाच्चं हिंदीत, ही वाटणी बरी नव्हे. नेटफ्लिक्सने 2020 मध्येच 'बेताल' काढून आपले जवान जंगलातल्या लाल डगल्याच्या गोऱ्या मुडद्यांशी लढवले. तेव्हा जंगलात रक्तपिशाच्चांशी लढणाऱ्या सैनिकांचा स्वस्तातला मराठी सिनेमा, ही जागा अजून रिकामी आहे. ठाणे जिल्ह्यात रिकामी जागा फार दिवस रिकामी राहत नाही, म्हणून निर्मात्यांनी त्वरा करावी.

जंगलासाठी लांब जायला नको. येऊर आहे. राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. झाडी खरी, बिबटे खरे, ग्राफिक्सचा खर्च वाचला. अडचण एकच. भयपटाला रात्रीची किर्र शांतता लागते आणि तिथल्या बंगल्यांतल्या पार्ट्या ती मिळू देत नाहीत. पण पटकथेत हेही बसतं. तीनशे वर्षं शांत झोपलेलं पिशाच्च डीजेने उठतं, तणतणत बंगल्यावर जातं, तिथे त्याला कुणीतरी गेस्ट समजून हातात ग्लास देतं. पहिलं अर्धं रीळ इथेच निघालं.

रक्तावर तर एक रुपया घालवू नये. डोंबिवलीत 2014 मध्ये हिरवा पाऊस पडला होता आणि फेब्रुवारी 2020 मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला होता. रंगांच्या बाबतीत हा परिसर स्वयंपूर्ण आहे. कलादिग्दर्शकाने फक्त तारीख आणि हवी ती छटा कळवावी.

सैनिकांच्या वर्दीसाठी उल्हासनगर. ही सोय ऐतिहासिक आहे बरं का. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी होती, फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि 1949 मध्ये छावणीचं उल्हासनगर झालं. आजही माणसं 'कॅम्प नंबर चार'ला राहतात. वर्दी, बूट, पदकं एकाच बाजारात आणि सांगाल त्या देशाच्या सैन्याची.

आता मुख्य पात्र. इथे रामसे बंधूंचा कित्ता गिरवावा. 1972 च्या 'दो गज जमीन के नीचे'साठी त्यांनी घरचीच माणसं कामाला जुंपून महाबळेश्वरला शूटिंग उरकलं. कमी बजेट म्हणजे काय, तर पगार मागायची लाज वाटेल अशी माणसं गोळा करणं. पुढे 1990 च्या 'बंद दरवाजा'त त्यांनी ज्या उंच नटाला व्हॅम्पायर केलं, ते अनिरुद्ध अग्रवाल शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर. रामसेंना एक सिव्हिल इंजिनिअर पिशाच्चाच्या वेशात उभा करायला मेहनत पडली. आपल्याकडच्या पुलांकडे बघितल्यावर वाटतं, उगाच पडली. कल्याण-शीळ रस्त्यावरचा पलावा पूल 4 जुलै 2025 ला वाजतगाजत खुला झाला आणि निसरडा निघाल्याने त्याच दिवशी बंद करावा लागला. पाठलागाचं दृश्य तिथेच घ्यावं. स्टंटमन नको, पिशाच्च आपोआप घसरेल.

त्याच्या मुक्कामाचाही प्रश्न नाही. डोंबिवलीत 65 बेकायदा इमारतींना बनावट कागदपत्रांवर महारेराची नोंदणी मिळाली, हे प्रकरण थेट उच्च न्यायालयात गेलं. त्यात फसले ते कर्ज काढून घर घेणारे. जिथे अख्खी इमारत कागदावर उभी राहते, तिथे एका शवपेटीला ओसी मिळणं काय कठीण?

शेवटाला मात्र पटकथा अडते. नियमाप्रमाणे पिशाच्चाच्या छातीत लाकडी खुंटा ठोकायचा. खुंट्यासाठी झाड तोडायचं, म्हणजे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आली. रस्त्यासाठी हजार झाडं असती तर फाइल हलली असती. एकाच झाडासाठी कोण बैठक बोलावणार? सैनिक अर्ज घेऊन खिडकीशी उभे, साहेब साइटवर गेलेले, आणि साइट अर्थातच येऊरला. उन्हाने पिशाच्च जळतं म्हणावं, तर पहाटेची लोकल धरून रात्री परतणाऱ्या डोंबिवलीकराइतकंच त्यालाही ऊन लागत नाही. दुसरा नियम असा, की बोलावल्याशिवाय ते घरात शिरत नाही. आमच्या सोसायटीत ते पार्सलवाल्यामागून आत येईल आणि ॲपवर कुणीतरी न बघता 'अप्रूव्ह' दाबेल.

या सगळ्यात गेटवर उभा असतो तो वॉचमन. निर्मात्यांनो, सैनिकांच्या भूमिका त्यालाच द्या. वर्दी त्याची स्वतःची आहे, रात्रभर उभं राहण्याचा सराव आहे, हातात शिट्टी आणि काठी सोडून काही नसताना अंधारात जायची सवय आहे. मानधन मात्र कंत्राटदाराकडे न देता थेट त्याच्या हातात द्या, आणि ठरलेल्या तारखेला द्या. रक्त पिण्याचा कार्यक्रम पडद्यावरच उरकलेला बरा.