मामांची ट्राम

इंदुरात ट्राम नाही, पण हे आमच्या मामांना कोण सांगणार? मामांचं बालपण दादरचं. 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून दादरला मुंबईची शेवटची ट्राम निघाली, तेव्हा ते दहा वर्षांचे होते. पुढं नोकरीनं इंदुरात आणून टाकलं. 2013 मध्ये एबी रोडच्या मधोमध रेलिंग घालून त्यातून आयबस धावायला लागली आणि मामांना त्यांची ट्राम परत मिळाली. रूळ तेवढे नव्हते.

थांबा भर रस्त्यात. म्हणजे बस पकडायला आधी अर्धा रस्ता जिंकायचा, उतरल्यावर उरलेला. छप्पन दुकानला खायला जायचं म्हणून आम्ही पलासियाला उतरलो आणि मामांचा वर्ग सुरू झाला.

"ट्रामला घाबरायचं नाही. ती बिचारी आपली वाट सोडत नाही. पण एक गेली की लगेच तिच्या मागून पळायचं नाही. तिच्या आडून उलटी दुसरी येते. माणसं त्या दुसरीखाली सापडायची."

मी शहाण्यासारखा दोन आयबस जाऊ दिल्या, दोन्हीकडं पाहिलं आणि रस्त्यावर पाय टाकला. तेवढ्यात राँग साइडनं एक अ‍ॅक्टिव्हा आली. तिच्यावर तिघं, मधल्याच्या हातात पोह्यांचा कागद, वर शेव. मी थबकलो. तीही थबकली. मी पुढं झालो, तीही झाली. शेवटी थोडी शेव माझ्या शर्टावर आली. "भिया, देख के!" असं म्हणून चालवणाऱ्यानं कानाखाली दाबलेल्या मोबाइलवरचं बोलणं पुढं सुरू केलं.

"थांबलास कशाला?" मामा माझ्यावरच डाफरले. "तू कुठं पोचणार याचा हिशेब त्यानं केव्हाच केलेला असतो. तू थांबलास की तो चुकतो."

मग त्यांनी पंजा वर केला आणि लग्नाच्या पंगतीत वाढप्याला 'पुरे' म्हणावं तसा तो धरून संथपणे चालू लागले. एक टेम्पो, चार स्कूटी आणि एक ई-रिक्षा त्यांना वळसा घालून गेली. पलीकडं पोचल्यावर खोपरा पॅटीस खाताना माझे हात कापत होते, मामा चटणी मागत होते.

फेब्रुवारी 2025 मध्ये हायकोर्टानं आयबसचा तो रेलिंगमधला कॉरिडॉर हटवायला परवानगी दिली. मे अखेरीस मेट्रो सुरू झाली, म्हणून मी मामांना मुद्दाम अभिनंदनाचा फोन केला.

"कसली मेट्रो," मामा म्हणाले. "खांबांवरून जाते रे."