हरिश्चंद्रगड, आबांशिवाय : नवशिक्यांसाठी सूचना

ही मार्गदर्शिका आमच्या घरात लग्न होऊन आलेल्यांसाठी, नुकतंच चालू लागलेल्यांसाठी आणि 'एकदा आबांबरोबर जायचंय' असं वर्षानुवर्षं म्हणत घरीच बसलेल्यांसाठी आहे. आबा गेले. गड जागेवर आहे. तेव्हा गणपती उठल्यावरची वारी ठरल्याप्रमाणे होईल. गुडघे, परीक्षा, ऑफिस ही कारणं आबांनी हयातीत चालू दिली नाहीत. आता तर अपील करायलाही कुणी उरलं नाही. पितृपक्षाचं कारण कुणी काढलं तर आबांचं उत्तर द्यावं : "पितरं वरच असतात ना? चला, भेटून येऊ."

आधी वाट. पाचनईची वाट सगळ्यांत सोपी. गाडी पायथ्याला लागते आणि दोन-अडीच तासांत माणूस देवळाशी पोचतो. आबा तिला 'जावयांचा रस्ता' म्हणत. बेलपाड्याहून चढणारी नळीची वाट दोर घेऊन फिरणाऱ्यांची. तिचं नाव आजीसमोर काढू नये. आपण खिरेश्वरहून जायचं. खुबी फाट्यावर एसटीतून उतरायचं, पिंपळगाव जोगा धरणाच्या पाण्याकडेने चालत गाव गाठायचं आणि मग टोलार खिंड. गड नगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात. खिरेश्वर मात्र आमच्या जुन्नरात. म्हणजे गड त्यांचा पण वाट आमची, असा आबांचा हिशेब होता आणि जिल्ह्याचं नाव बदललं तरी तो बदलला नाही.

गाडी घेऊन जाऊ, असं कुणी म्हणेल. नाही. आबा एसटीत ड्रायव्हर होते आणि एसटीला भाऊ मानत. त्यांच्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजी जन्मतारीख १ जून लावून टाकत, तशी त्यांचीही १ जून १९४८ लागली. नेमक्या त्याच दिवशी पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली. "मी आणि एसटी जुळे," हे ते नव्या कंडक्टरला पहिल्याच दिवशी ऐकवत. पुढे २०२२ च्या ऑगस्टमध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि आबांच्या लक्षात आलं की गुरुजींनी वय दोन-तीन वर्षांनी कमी लावलंय. २०२३ चा जून उजाडेपर्यंत त्यांनी त्या गुरुजींचा रोज उद्धार केला. नंतर मात्र ते घरी सापडेनात. फुकट तिकिटावर आज जुन्नर, उद्या अकोले, परवा भीमाशंकर. आजी म्हणायची, नोकरीत असताना जास्त घरी असायचे.

आणि नोकरीत तरी कुठे असायचे? बरीच वर्षं मुक्कामी गाडी. रात्री डोंगराकडच्या गावात पोचायचं, गाडीत नाहीतर मारुतीच्या देवळात अंग टाकायचं, पहाटे दूधवाले, शाळेची पोरं आणि कोर्टाची तारीख असलेले यांना घेऊन निघायचं. पहिल्या पावसात त्या गावांतल्या पोरांबरोबर ते रात्री ओढ्यात खेकडे धरायला जात आणि तासभर झोपून गाडी काढत. घरी आले की पाठ टेकण्याऐवजी कांद्याला पाणी. माळशेजात दरड आली आणि गाडी अडकली तर बाकीचे ड्रायव्हर केबिनमध्ये बसून राहत. हे पॅसेंजर खाली उतरवून, तीन दगड मांडून चहा करत. चहाची पूड आणि गूळ सीटखाली कायम असे.

आता पाठपिशवी. नवशिक्याने आपली पिशवी स्वतः भरावी, स्वतः बांधावी आणि रात्री उशाला घेऊन झोपावं. हे कलम आमच्या थोरल्या आत्याच्या यजमानांमुळे आलं. लग्नानंतरची त्यांची पहिलीच वारी. आबांनी मोठ्या मानाने सांगितलं, "जावईबापू, तुमच्याकडे फक्त औषधं आणि टॉवेल." बापू टोलार खिंडीत पोचले तेव्हा त्यांचा शर्ट पिळण्यासारखा झाला होता. खिंडीतल्या वाघाच्या शिल्पापाशी ते पाय पसरून बसले आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "टॉवेल फार जड असतो हो." वर देवळाजवळ चूल पेटली, मिरच्या भाजल्या गेल्या. आबांनी बापूंची पिशवी उघडली, टॉवेल बाजूला केला आणि त्याखालून आजीचा वरवंटा काढला. "ठेचा काय दाताने वाटायचा?" बापू त्या वेळी हसले नाहीत. दुसऱ्या वर्षी मात्र त्यांनी धाकट्या जावयाच्या पिशवीत स्वतःच्या हाताने वरवंटा बांधला. यंदा नवीन कोण आहे ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून इथे लिहीत नाही.

मासवडी डब्यात न्यावी, रस्सा नेऊ नये. आबा नेत. पिशवीतल्या सगळ्यांच्या कपड्यांना पुढचे दोन दिवस त्याचा वास येई. बाजरीची भाकरी, शेंगदाणे, लिंबं, सुंठ एवढं पुरे. वरती पिठलं-भाकरी गावकरी देतात.

चढताना बोलू नये. आबा बोलत, पण त्यांचं फुप्फुस सरकारी होतं. चढण्याचा नियम एकच, आणि तो घाटातला : ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं. टोलार खिंडीनंतरच्या कातळावर आता रेलिंग आहेत, ती धरावीत. आबा त्यांच्यावर पंचा वाळत घालत, ते अनुकरणीय नाही. पुढच्या झाडीत चढउतार संपता संपत नाही. तिथे 'अजून किती?' असं विचारणाऱ्याला 'पुढच्या वळणावर' असं सांगायची पद्धत आहे. ती पाळावी.

लहान मुलांसाठी विशेष सूचना. केदारेश्वराच्या गुहेत पिंडीभोवती कमरेएवढं बर्फगार पाणी असतं. चार खांबांपैकी एकच धड उरलाय आणि तोही मोडला की युग संपतं, असं सांगतात. आबा प्रत्येक नातवाला काठावर उभं करून बजावत, "त्याला टेकू नको हां, लोक आपलं नाव घेतील." मग उपरणं गुंडाळून स्वतः त्या पाण्यात उतरत आणि नातवाला खांद्यावर घेऊन प्रदक्षिणा घालत. पोर किंचाळे, आबा मोठ्याने शिवस्तुती म्हणत. निम्मी यायची, उरलेल्या निम्म्यात एसटीचे थांबे यायचे. चाळीशीतल्या नवशिक्यांना खांद्यावर घ्यायला आता कुणी नाही. त्यांनी आपल्या पायांनी उतरावं.

कोकणकड्यावर वाऱ्याला पाठ देऊ नये, कड्याशी पोटावर झोपूनच खाली डोकवावं, आणि फोटोसाठी मागे सरकणाऱ्याचा पाय धरून ठेवावा. इथे इंद्रवज्राचा विषय निघेल. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या कड्यावरून गोल इंद्रधनुष्य पाहिल्याची नोंद आहे. सूर्य पाठीशी, समोर दरीत धुकं, आणि त्या धुक्यावर आपली सावली व तिच्याभोवती रंगांचं कडं. कडा पश्चिमेकडे पाहतो, म्हणून हे सकाळचं काम. आबांनीही ते पाहिलं होतं, असं आबा सांगत. त्यांच्याबरोबर असलेल्या कुणीही कधी पाहिलं नाही. "साहेबानं पाहिलं ते पुस्तकात, मी पाहिलं ती थाप," अशी त्यांची कायमची तक्रार. या बाबतीत विज्ञान आबांच्या बाजूने आहे : ते कडं ज्याला त्याला स्वतःच्याच डोक्याच्या सावलीभोवती दिसतं. दुसऱ्याचं इंद्रवज्र आपल्याला दिसूच शकत नाही. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मधे मीच होतो. तेच तर सांगतोय कधीचा."

कड्यावर भाषण करू नये. शोकसभा गावात झाली, तिथे 'मनमिळाऊ' आणि 'कष्टाळू' हे शब्द वापरून झाले आहेत. रडायचं असेल त्याने खुशाल रडावं, पण नोंद होईल हे ध्यानात ठेवावं. आबांची एक लांब वही आहे. लॉगशीटसारखे रकाने त्यांनी स्वतः पट्टीने आखले होते : नाव, वय, सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, बिघाड. प्रत्येक नातवंडाची पहिली चढाई तिच्यात आहे. माझ्या नावापुढे बिघाडात 'दोनदा रडला, एकदा खोटं' असं लिहिलंय. मधल्या चुलतभावापुढे 'बूट कोकणात'. एका ओळीत नुसतं 'आजीची आठवण' आहे; तिथे नातवाचं नाव नाही, स्वतःचं आहे. वही यंदा धाकट्या आत्याकडे राहील. अक्षर बरं नसेल तर चालेल, वेळ मात्र मिनिटापर्यंत लिहावी. आबांना 'साधारण दहा' चालत नसे.

उतरल्यावर खुबी फाट्यावर कल्याणहून येणाऱ्या गाडीची वाट पाहायची. आबा नुसता तळहात वर करायचे आणि भरलेली गाडीही थांबायची, आतून ड्रायव्हर म्हणायचा, "या, अण्णा!" आपल्याला हात जरा जोरात हलवावा लागेल. तरीही गाडी निघून गेली तर तिच्या मागच्या काचेकडे पाहून आबांची ती शिवी द्यावी. इथे छापण्याजोगी नाही. आजीला विचारा, तिला पाठ आहे.