अपेक्षाधारक

महानायकपटांच्या, म्हणजे अचाट सामर्थ्याचा किंवा निदान अचाट संपत्तीचा धनी असलेला नायक मुखवटा चढवून नगररक्षण करतो अशा चित्रपटांच्या प्रेक्षकांत एक जमात अशी आढळते, की तिला चित्रपटापेक्षा त्याच्या उत्तरभागाची ओढ अधिक असते आणि उत्तरभागापेक्षाही तो अपेक्षेला उतरला की नाही, या प्रश्नाची. या जमातीच्या सदस्यास सोयीसाठी 'अपेक्षाधारक' म्हणता येईल; भूखंडधारकाजवळ भूखंड असावा तशी त्याच्याजवळ अपेक्षा असते, तिचा सातबारा त्याच्याच नावे असतो आणि तिच्यावर दिग्दर्शकाने केलेले अतिक्रमण त्याला खपत नाही.

हा प्राणी साधारणतः पंचविशी ते चाळिशीच्या दरम्यानचा असून पुणे, ठाणे, नाशिक अशा शहरांत विपुल सापडतो, आणि छातीवर वटवाघूळ असलेला, धुऊन धुऊन करडा झालेला त्याचा काळा टी-शर्ट आईने पायपुसण्यासाठी मागितला असता तो दुखावतो. चित्रपट येण्यापूर्वी जी अडीच मिनिटांची झलक दाखवली जाते, जिला सर्वत्र ट्रेलर म्हणतात, ती तो थांबवून थांबवून पाहतो आणि तेवढ्यावरून संपूर्ण कथानक रचतो. हे कथानक प्रत्यक्ष चित्रपटातील कथानकापेक्षा नेहमीच सरस निघते, कारण त्याला खर्चाची, नटांच्या तारखांची आणि मुख्य म्हणजे शेवट करण्याची अडचण नसते. त्यामुळे प्रदर्शनाच्या दिवशी तो चित्रपटगृहात जातो तो चित्रपट पाहायला नव्हे, तर आधीच मनात पाहून झालेल्या चित्रपटाशी पडद्यावरची प्रत ताडून पाहायला.

या वृत्तीचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने जुलै 2012 पासून आरंभ करावा. ख्रिस्तोफर नोलान यांचा 'द डार्क नाइट' 2008 साली आला, गाजला, त्याने जगभरात 1 अब्ज डॉलरहून अधिक कमाई केली आणि चार वर्षांनी त्याचा उत्तरभाग, 'द डार्क नाइट राइजेस', येऊ घातला. तो सर्वत्र लागण्यापूर्वी काही अमेरिकी समीक्षकांनी तो खास खेळात पाहून प्रतिकूल अभिप्राय लिहिले, तेव्हा त्यांच्यावर शिव्याशापांचा आणि धमक्यांचा असा वर्षाव झाला की समीक्षांचे संकलन करणाऱ्या 'रॉटन टोमॅटोज' या संकेतस्थळाला त्या चित्रपटाखालील प्रतिक्रियांची सोय बंद करावी लागली. ज्यांनी चित्रपट पाहिला होता त्यांना, ज्यांनी बहुधा तो पाहिलेलाच नव्हता त्यांनी, तो कसा आहे हे दरडावून सांगितले, ही घटना समीक्षेच्या इतिहासात अपूर्व असली तरी अपेक्षाधारकाला तीत काही वावगे दिसत नाही, कारण त्याच्या मते अपेक्षाभंग जाहीर करण्याचा पहिला मान त्याचा आहे आणि समीक्षकाने तो रांग मोडून घेतला.

तो मान त्याने पहिल्याच आठवड्यात वसूल केला. खलनायक बेन मुखवट्यातून बोलतो ते कळत नाही, ही तक्रार तर आधीच्या डिसेंबरात आरंभीची काही मिनिटे दाखवली गेली तेव्हापासून चालू होती; तिच्यात आता भर पडली ती शेअर बाजारावरील दरोडा भर दिवसा सुरू होतो आणि पाठलाग अंधारात कसा संपतो या प्रश्नाची, आणि खोल विहिरीसारख्या तुरुंगातून निसटलेला ब्रूस वेन, म्हणजेच बॅटमन, नाकेबंदी झालेल्या गॉथम शहरात पोहोचला कसा या कूटप्रश्नाची. त्या विहिरीबाहेरचे दृश्य जोधपूरजवळ चित्रित झालेले असून मागे मेहरानगड किल्ला स्पष्ट दिसतो, त्यामुळे भारतीय अपेक्षाधारकाला हा प्रश्न अधिकच टोचतो. प्रतीक्षायादीतील तिकिटावर जोधपूरहून पुण्याला येण्याचा ज्याला अनुभव आहे, त्याला खिशात दमडी नसलेला अब्जाधीश वेळेत घरी पोहोचल्याचे कोणत्याही पार्श्वसंगीताने पटवून देता येत नाही.

वास्तविक त्या चित्रपटात दोष आहेत आणि ते याहून मोठे आहेत. सुमारे पाच महिने एक अख्खे शहर वेठीला धरलेले असताना तेथील सामान्य माणसे काय खातात, कोणाला भितात, कोणाच्या बाजूला जातात, हे पडद्यावर जवळपास येतच नाही, आणि ज्या बेनने दोन तासांहून अधिक काळ दरारा टिकवला तो शेवटी तोफेच्या एका बारात, जाता जाता उडवला जातो. परंतु अपेक्षाधारक याविषयी क्वचितच बोलतो, कारण हे दोष पाहण्यासाठी समोरचा चित्रपट पाहावा लागतो. त्याचा निकाल ठरलेला असतो: 'पहिल्याची मजा नाही.'

हा 'पहिला' कोणता, याची चौकशी केली असता मौज कळते. तो 'द डार्क नाइट' असतो, म्हणजे स्वतःच 2005 सालच्या 'बॅटमन बिगिन्स'चा उत्तरभाग. 'द डार्क नाइट'मध्ये हीथ लेजर याची जोकर या खलनायकाच्या भूमिकेसाठी निवड 2006 साली जाहीर झाली तेव्हा प्रेमपटांतला हा देखणा तरुण जोकर कसला करणार, अशी ओरड याच जमातीने केली होती. पुढे 2009 साली लेजरला मरणोत्तर ऑस्कर मिळाले आणि आपण मुळापासून त्याच्या बाजूचे होतो असे सर्वांना एकाच वेळी आठवले. स्मृतीचा हा गुण घरंदाज आहे. अपेक्षाधारकाचे वडील नव्या संचातले कोणतेही नाटक पाहून बाहेर पडताना 'मूळ संचात पाहायला हवं होतंत' असे म्हणत आले आहेत, आणि मूळ संचातला तो प्रयोग त्यांनी स्वतः पाहिला होता का, हे विचारण्याचे धाडस घरात कोणी केलेले नाही.

त्याची निष्ठा मात्र निर्विवाद आहे. श्रेयनामावलीनंतरचे दृश्य, म्हणजे सगळी नावे सरकून गेल्यावर पुढच्या भागाची चाहूल देणारा तुकडा, चुकू नये म्हणून तो दिवे लागल्यावरही हलत नाही. 2019 मध्ये 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम'च्या तीन तासांनंतर असे दृश्य नव्हतेच, केवळ लोखंडावर घण घातल्याचा आवाज होता, तोही त्याने उभे राहून ऐकला, आणि तोवर झाडूवाल्याने दोन रांगा उरकल्या होत्या.

काळ जातो तसा त्याचा निकालही पालटतो. 2016 मध्ये बॅटमन आणि सुपरमॅन एकमेकांशी झुंजले, त्यानंतर 'राइजेस' हा अभिजात चित्रपट असल्याचे त्याच्या बोलण्यात येऊ लागले, आणि हल्ली तर तो नवशिक्यांना जोधपूरच्या दृश्याचा गूढार्थ समजावून देतो. सध्या 2022 सालच्या 'द बॅटमन'चा दुसरा भाग पुन्हा पुन्हा लांबणीवर पडल्याबद्दल तो चारचौघांत संताप व्यक्त करीत असला तरी घरी त्याची भूक आणि झोप उत्तम आहे. न आलेल्या चित्रपटात अजून एकही चूक झालेली नाही, आणि ती होईल तेव्हा पहाटेच्या पहिल्या खेळाला, मधल्या रांगेत, खांबाआड न येणाऱ्या खुर्चीवर आपण हजर असू की नाही, एवढीच काळजी त्याला आहे.