पोटखराब

माझ्या जमिनीला उतार आहे, हे मला ती घेतल्यानंतर सात महिन्यांनी कळलं.

यात माझी चूक थोडी आणि सातबाऱ्याची जास्त. सातबाऱ्यावर क्षेत्र असतं. ‘आकार’ असाही एक रकाना असतो. तो पाहून मी समाधानाने मान डोलावली होती. तो जमिनीचा आकार नसून शेतसाऱ्याचे रुपये-पैसे आहेत, हे नंतर समजलं. उताराला रकानाच नाही. ‘पोटखराब ६ गुंठे’ अशी एक नोंद मात्र होती. माझंही पोट अधूनमधून खराब असतं, त्यामुळे मी ती मनावर घेतली नाही. निफाडला आजोबांची दीड एकर सपाट जमीन आहे आणि तिच्यावर आम्हा अकरा जणांची नावं आहेत. तेवढ्या पुण्याईवर मी कायद्याने शेतकरी ठरतो आणि शेतजमीन घेऊ शकतो. बाकी मला गहू आणि ज्वारी पिठाच्या डब्यावरची चिठ्ठी वाचूनच ओळखता येतात.

जमीन त्र्यंबक रोडच्या अंगाला, एक एकर. दिवाळीच्या सुमारास पाहायला गेलो तेव्हा गवत छातीएवढं होतं आणि समोर अंजनेरी. डोळे अंजनेरीवर लावून चालणाऱ्याला पायाखालचं दिसत नाही. खालच्या कुंपणापासून परत वर येताना मला धाप लागली होती, ती मी भारावून गेल्याची समजलो. बायको म्हणाली, “चढ आहे का हो?” मी म्हणालो, “हवा विरळ आहे.”

परतताना मी पहिलं काम काय केलं असेल, तर नावाची पाटी करायला टाकली. दोन फूट बाय दीड फूट संगमरवर. वर ‘शिखर’, खाली माझं नाव, त्याखाली पदवी. घराचा पत्ता नव्हता. पाटी पंधरा दिवसांत आली.

घराचा आराखडाही मीच चौकटीच्या वहीवर काढला होता. मधे अंगण, चारी बाजूंनी खोल्या, पुढे बॅडमिंटन खेळता येईल एवढं सपाट लॉन. मी शेवटचं बॅडमिंटन बारावीत खेळलो. आर्किटेक्ट तरुण, माझ्या मुलीच्या वयाची. तिने वही नीट पाहिली, दोनदा उलटी-सुलटी केली आणि म्हणाली, “काका, घर छान आहे. फक्त याला निफाडला न्या.”

मग तिने मोजणीवाले आणले. तिपाईवरच्या यंत्राने त्यांनी दिवसभर ठिपके घेतले आणि अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या उंचीला एक रेघ असा नकाशा माझ्यापुढे ठेवला. कोणीतरी शाईचा अंगठा उठवावा तशी माझी जमीन दिसत होती. वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत २२ फूट. म्हणजे दोन मजले! मी दोन मजल्यांचा जिना विकत घेतला होता, तोही कठड्याशिवाय.

“सपाट करून घेऊ,” मी उदारपणे म्हणालो.

तिने समजावून सांगितलं. वर कापायचं आणि ते खाली भरायचं, हे ऐकायला सोपं. पण आपल्याकडे मुरमाखाली हातभर गेलं की काळा पाषाण लागतो. मग घराचा मागचा अर्धा खडकावर बसणार आणि पुढचा अर्धा भरावावर. एक जागचा हलत नाही, दुसरा दर पावसाळ्यात थोडा खचतो, आणि भांडण भिंतीवर तिरप्या भेगेत दिसतं. (बायकोने इथे माझ्याकडे पाहिलं. खचणारा कोण, हे तिने सांगितलं नाही.) भराव धरायला संरक्षक भिंत, भिंतीमागे साचणारं पाणी जायला भिंतीत भोकं, भोकं बुजली की भिंत पोट काढणार. त्यापेक्षा घर लांबट आणि उताराला आडवं ठेवायचं, रेघेच्या कडेकडेने. जोतं तीन टप्प्यांत उतरवायचं. वरच्या अंगाला चर खणून डोंगराचं पाणी घराला वळसा घालून काढायचं. पाण्याची टाकी सगळ्यांत वर, सेप्टिक टँक सगळ्यांत खाली. “आणि हा ओघळ आहे तसाच सोडायचा,” तिने नकाशावर पेन्सिल टेकवली. रेघा तिथे सगळ्या एकदम वरच्या बाजूला दुमडल्या होत्या. ते माझे सहा गुंठे. पोटखराब, म्हणजे पिकाला नालायक.

मेहुण्याने धाडलेला वास्तुतज्ज्ञ आला तेव्हा मला वाटलं, हा तरी माझ्या बाजूने बोलेल. त्याने होकायंत्र काढलं आणि त्याचा चेहरा पडला. शास्त्राप्रमाणे नैऋत्य उंच हवी, ईशान्य सखल. माझी जमीन नैऋत्येला उतरते, अंजनेरीही तिकडेच आहे आणि अंजनेरी दिसते म्हणूनच मी पैसे मोजले होते. त्याचा उपाय साधा होता: नैऋत्येचे चार गुंठे सरासरी चार फूट उचला. मी हिशेब केला. १७४ ब्रास मुरूम, म्हणजे पस्तीसेक हायवा. तेवढं ओतल्यावर दिवाणखान्यातून अंजनेरीऐवजी मुरूम दिसला असता. शास्त्र आणि देखावा यांत मी देखावा निवडला आणि त्या गृहस्थाला चहा पाजून बसस्टँडवर सोडलं.

पण मला खरा राग आला तो टप्प्याटप्प्याच्या घरासाठीच्या ‘स्प्लिट लेव्हल’ या शब्दाचा. आर्किटेक्टने तो असा उच्चारला जणू काही मी पहिल्यांदाच ऐकत होतो. अहो, मी जुन्या नाशकात वाढलो! ज्या गावाच्या नावाची एक व्युत्पत्तीच ‘नवशिख’, नऊ शिखरांचं गाव, अशी सांगतात, तिथला मी. (दुसरी व्युत्पत्ती शूर्पणखेच्या नाकाची. घर बांधायला निघालेल्या माणसाने ती आठवू नये.) जुनी गढी, चित्रघंटा, म्हसरूळ टेक, डिंगर आळी: नकाशात नव्हे, पोटऱ्यांत मुरलेला भूगोल. आमच्या वाड्याचा दिंडी दरवाजा एका गल्लीत आणि माडीचं मागचं दार दुसऱ्या गल्लीत, तेही जमिनीच्या पातळीवर. पोस्टमन पुढून यायचा, उधारीवाले मागून, आणि काका कायम चुकीच्या दारातून पळायचे. ओटीवरून माजघरात तीन पायऱ्या, माजघरातून स्वयंपाकघरात दोन, तिथून न्हाणीत एक खाली. त्या एका पायरीवर घरातला प्रत्येक जावई एकदा तरी पडलेला. आजी काळोखात, हातात आमटीचं पातेलं घेऊन, एकदाही न अडखळता फिरायची. ते घर कोणी आखलं नव्हतं. टेकडी जशी उतरली तसं ते तिच्या मांडीवर बसत गेलं.

आणि टेकडी तरी कुठे नुसती टेकडी होती? १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी गोदाकाठच्या गढीत उत्खनन केलं, तेव्हा वस्तीचे थरांवर थर निघाले. कोणाचं तरी घर पडलं, त्याच्या मातीवर पुढच्याने घर उठवलं. आमचा चढ निम्मा देवाचा, निम्मा शेजाऱ्यांचा. उतार, पाणी आणि घर यांचा हिशेब तर पांडवलेण्यांत दगडात लिहिलेला आहे. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात लेणं कोरवल्याचं सांगतो आणि लगेच पाण्याच्या पोढ्या, म्हणजे टाक्या, कोरवल्याचंही सांगतो. खाली नदीकाठी आम्ही पूर कधी फुटांत मोजला नाही. पात्रातल्या दुतोंड्या मारुतीवर मोजला. गुडघ्याला लागला, कमरेला लागला, गळ्याशी आला. आजी बातमी ऐकून तेवढंच विचारायची, “मारुतीचं नाक वर आहे ना?” नाक वर असलं की ती पुन्हा भाजी निवडायला बसायची.

आता त्याच गावात दर पावसाळ्याला काझीच्या गढीवरच्या घरांना जागा सोडायच्या नोटिसा लागतात. कडा नदीकडे ढासळते, लोक चार दिवस शाळेत जातात आणि परत तिथेच येतात. त्यांनी तिथे देखाव्यासाठी घर घेतलेलं नाही. हे मी बातमीत वाचतो, पान उलटतो, आणि पुढच्या पानावर व्हॅली व्ह्यूची जाहिरात असते. सरकार पिढ्यान्‌पिढ्या ज्या जमिनीला पोटखराब म्हणत आलं, तिचा भाव आम्ही चौरस फुटावर नेऊन ठेवला.

हे सगळं मला पाठ आहे, आणि तरीही मे महिन्यात मी आर्किटेक्टला न सांगता जेसीबी बोलावला.

फक्त लॉनपुरता! ओघळ म्हणजे कोरडा, दगडगोट्यांचा, कमरेएवढा खड्डा. वरचा मुरूम त्यात लोटला की दोन्ही कामं होत होती. खालच्या शेतातले आबा बांधावर उभं राहून पाहत होते. त्यांचं भाताचं खाचर माझ्या कुंपणाला लागून.

“सायब, हितनं पानी जातं,” ते म्हणाले.

मी खाली पाहिलं. सरडा होता. “कुठलं पाणी, आबा?”

“आत्ता न्हाई. येईल तवा जाईल.”

मी हसलो. जेसीबी तासावर चालू होता, संवादाला वेळ नव्हता. संध्याकाळपर्यंत टेबलासारखं सपाट लॉन तयार झालं. कोपऱ्यात विटांवर पाटी टेकवून मी फोटो काढला आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवला. बहात्तर जणांनी अंगठा दाखवला.

जुलैत सलग तीन दिवस पाऊस लागला. चौथ्या दिवशी आम्ही गेलो तर लॉन नव्हतं. मधोमध कमरेएवढा ओघळ, मापात जुन्याइतकाच, कातून काढल्यासारखा. मुरूम मात्र दिसेना. तो खाली होता. आबांची आवणी होऊन आठच दिवस झाले होते. खाचराच्या वरच्या अंगाला दोनेक गुंठ्यांवर माझा लाल मुरूम पसरलेला, आणि त्यातून कुठे कुठे भाताची हिरवी टोकं, बुडणाऱ्याच्या बोटांसारखी.

मी वाटभर मनात भांडणाची तयारी करत उतरलो. निसर्गाचा प्रकोप, पंचनामा, नुकसानभरपाई हे शब्द जुळवून ठेवले होते. आबा खाचरात वाकून घमेलं भरत होते. त्यांनी वर पाहिलं, आणि तेवढंच म्हणाले, “सायब, तुमची माती हाये. न्यायला आले का?”

ते टोमणा मारत नव्हते. ती खरंच माझी होती. मी विकत घेतली होती, सातबाऱ्यासकट. मला काही बोलता आलं नाही. बायकोने पदर खोचला आणि दुसरं घमेलं उचललं. मग मीही पँट दुमडली. दोन दिवस आम्ही तिघं मुरूम उपसत होतो. पैसे देऊ केले तर आबा म्हणाले, भात निघंल तवा बघू, आणि विषय रोपं पुन्हा कुठून आणायची याकडे वळवला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाठ टेकायला बांधावर बसलो आणि तिथून वर पाहिलं. खालून ती जमीन मी पहिल्यांदाच पाहत होतो. तिचा उतार आंधळ्यालाही दिसला असता. माझं कुंपण त्याच्यावर आडवं, उगीचच ठोकल्यासारखं वाटत होतं.

आर्किटेक्टला मी फोन करून सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “काका, तुम्ही फुकटात पावसाचा सर्व्हे करून घेतला.” आता घर तीन टप्प्यांत, उताराला आडवं, ओघळापासून तीस फूट लांब. स्वयंपाकघरात उतरायला दोन पायऱ्या आहेत. जावई अजून यायचा आहे.

निघताना हात धुवायला आबांच्या विहिरीवर गेलो. त्यांची सून कपडे आपटत होती. दगड पांढरा, गुळगुळीत, दोन फूट बाय दीड फूट. मी पाहतोय हे आबांच्या लक्षात आलं.

“चिखलात गावली. न्यायची का?”

“राहू द्या,” मी म्हणालो.

“उलटी ठिवलीये,” ते समजुतीने म्हणाले. “अक्षरं खाली. नाव खराब व्हायला नको.”