सोनपेठकडं पाऊस कसाय?

हा माणूस तुमच्याही गावात आहे. फोटोत मधोमध साहेब, डावीकडं आमदार, उजवीकडं सभापती, आणि साहेब-आमदारांच्या मधल्या चार इंची फटीतून जे डोकं वर आलेलं असतं ते याचं. आमच्या सोनपेठात सगळे त्याला मामा म्हणतात. परभणीत एका सराफाच्या नव्या पेढीचं उद्घाटन झालं, त्या दिवसापासून मी मामांना टाळायला लागलो.

उद्घाटनाला मुंबईहून मालिकेतली नटी येणार होती. मी बायकोचं मंगळसूत्र गाठवायला गेलो होतो आणि सापडलो. पत्रिकेत वेळ अकराची, मामा नऊपासून हजर, नटी उगवली अडीचला. तोवर मामांनी माझं मनगट सोडलं नाही, कारण फोटो काढायला माणूस लागतो. "सर, तुमचा हात स्थिर आहे. फळ्यावर लिहून लिहून." नटी गाडीतून उतरली, बाउन्सरांनी कडं केलं, मामा कड्याच्या खालून शिरले, मी बटण दाबलं. फोटोत मामा अगदी स्पष्ट. नटीचा अर्धा गॉगल, एक कान आणि उघडं तोंड.

"काय बोलायल्यात त्या?" मी विचारलं.

"मला विचारायल्या, सोनपेठकडं पाऊस कसाय?"

जानेवारी महिना होता.

मामांचं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणांच्या पिशव्यांच्या वरची सगळी भिंत फोटोंनी भरलेली. मृगाच्या तोंडावर सोयाबीनचं बी न्यायला आलेल्या शेतकऱ्याला भिंत बघितल्याशिवाय पावती मिळत नाही. खत कंपन्या युरियासोबत नको असलेला माल गळ्यात मारतात, त्याला लिंकिंग म्हणतात. मामांकडं एका गोणीमागं दोन फोटोंचं लिंकिंग आहे. उधारीवाल्याला अख्खा अल्बम.

भिंतीवर नट आहेत, गायिका आहेत, निवृत्त क्रिकेटपटू आहेत, भारूडकार आहेत, आजी-माजी मंत्री तर ढिगानं आहेत. सगळे हललेले, कापलेले, पाठमोरे, आणि बहुतेकांची तोंडं उघडी. माझा अंदाज असा, की त्या क्षणी ते शेजारच्याला सांगत असावेत, "यांना जरा बाजूला घ्या." मामांकडं मात्र प्रत्येक उघड्या तोंडाचं एकच स्पष्टीकरण आहे. क्रिकेटपटूनं विचारलं, सोनपेठकडं पाऊस कसाय. गायिकेनं गाणं थांबवून विचारलं. हैदराबादच्या सहलीत रामोजी फिल्म सिटीत तेलुगू सिनेमातला एक खलनायक सापडला, त्यानंही तेच विचारलं.

"तेलुगूत?"

"हाव, तेलुगूत."

"तुम्हाला कळतं तेलुगू?"

"पावसाचं कळतं की, सर."

यावर काय बोलणार?

मामांचं तंत्र मात्र वाखाणण्यासारखं आहे. ते कधी मुख्य माणसाच्या मागं लागत नाहीत, ड्रायव्हरच्या लागतात. ड्रायव्हर उपाशी असतो आणि त्याला कुणी विचारत नसतं. मामा त्याला दशमी आणि ठेचा देतात. साहेब कोणत्या दारानं निघणार, किती वाजता चिडणार आणि लघवीला कुठं थांबणार, हे तासाभरात मामांना कळलेलं असतं. सप्ताहाला आलेले कीर्तनकार त्या मानानं सोपे. ते गावात मुक्कामाला असतात आणि पंगतीला बसतात. पण मामा सोप्यात रमत नाहीत. पंगतीत घास तोंडात असतानाचा फोटो त्यांना हवा असतो, म्हणजे महाराजांचं तोंड उघडं मिळतं.

एकदा मी त्यांची जिरवायचं ठरवलं. म्हटलं, "मामा, गांधीजी सही द्यायचे तेव्हा पाच रुपये घ्यायचे. हरिजन फंडासाठी. तेव्हाचे पाच रुपये म्हणजे मजुराची कितीतरी दिवसांची कमाई. तुम्ही दिले असते का?" मामांनी कॅल्क्युलेटर ओढला, युरियाच्या तेव्हाच्या भावाचा काही हिशोब लावायला बघितला, आणि तेव्हा युरिया मिळत नव्हता हे ध्यानात आल्यावर म्हणाले, "दिले असते. पण पाऊस कसाय ते विचारलं असतं त्यांनी. खेड्याकडं लक्ष होतं त्या माणसाचं." पेढीचं उद्घाटन करायला नटी किती घेते, हे त्यांना ड्रायव्हरकडून समजलं होतं. तो आकडा त्यांनी माझ्या कानात सांगितला आणि आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प बसलो.

खरा वैताग आला तो माझ्या चुलत्यांच्या दहाव्याला. गंगाखेडला, गोदावरीच्या घाटावर. आमच्या भागातली माणसं त्यासाठी तिथंच जातात. पिंडाला कावळा शिवायची वाट बघत आम्ही उभे होतो, आणि एक नेते सांत्वनाला आले. नेते आले म्हणजे मामा आलेच. संध्याकाळी त्यांच्या स्टेटसला फोटो: नेते, मामा, मागं गोदामाय, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. चुलत्यांचा फोटो कुठंच नाही. लोकांना वाटलं, दोघांपैकी कुणीतरी गेलं. बायकोनं मला विचारलं, "साहेब काय म्हणत होते हो?" मी म्हणालो, "मला काय विचारतेस, पावसाचंच काहीतरी असेल."

या घटनेनंतर मी त्यांच्या दुकानाची पायरी चढलो नसतो. पण शेतीचं बी लागतं आणि सोनपेठ केवढं असणार? चढलो. भिंतीवर नवा फोटो होता, लोणावळ्याच्या मेणाच्या पुतळ्यांच्या संग्रहालयातला. मामा एका सुपरस्टारच्या शेजारी, आणि पहिल्यांदाच समोरचाही स्पष्ट, स्थिर, तोंड मिटलेलं. मी फोटोकडं बघितलं, मामांकडं बघितलं.

"यांनी काही विचारलं नाही," मामा म्हणाले. "लई गर्व आहे."

त्याच्या शेजारी एक जुना फोटो होता, तोवर मी नीट न बघितलेला. 2016 च्या एप्रिलचा. मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली होती, टीव्हीवाले दिल्लीहून आले होते, आणि त्या वर्षी मराठवाड्यात तिच्याएवढं प्रसिद्ध कुणीच नव्हतं. 'सैराट'ही त्याच महिन्याच्या शेवटी लागला, पण नंतर. मामा खास लातूरला जाऊन त्या रेल्वेच्या डब्याला टेकून उभे राहिले होते.

"हिनं काय विचारलं?" मी मुद्दामच विचारलं.

"हिला कशाला विचारावं लागतंय? हिला माहीतच होतं."

त्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मामांनी गल्ल्याच्या खालून एक वही काढली. सह्यांची. मला ती असल्याचंही माहीत नव्हतं, कारण ती भिंतीवर लावता येत नाही आणि गोणीमागं लिंकिंगला जात नाही. पहिल्या पानावर नारायण सुर्वे. 1995 साली परभणीला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, सुर्वे अध्यक्ष होते. मामा कॉलेजात होते आणि स्वयंसेवक म्हणून पाण्याच्या माठांवर नेमलेले. एका गिरणी कामगारानं रस्त्यावरून उचलून वाढवलेला हा कवी मंडपातून बाहेर आला, आणि ओल्या हातानं वही पुढं करणाऱ्या पोराला त्यानं सही दिली. शाई पसरलेली आहे. 'सुर्वे' मधला 'र्वे' जवळजवळ वाहून गेलाय.

पुढची पानं परभणीतल्या बी. रघुनाथ यांच्या नावानं होणाऱ्या कार्यक्रमांमधली. तिथं कवी येतात, कथाकार येतात. त्यांना बाउन्सर नसतात. रांगही लहान, कधी कधी रांगेत मामा एकटेच. मला एक गोष्ट दिसली. प्रत्येक सहीवर मामांचं नाव होतं आणि नावाखाली सोनपेठ. कुणी सोनपेठ, कुणी सोनपेट, आणि एका हिंदी पाहुण्यानं तर सरळ सोनीपत लिहून मामांना हरियाणात नेऊन सोडलं होतं. सही देणाऱ्याला निदान एवढं तरी विचारावं लागायचं: नाव काय, कुठले तुम्ही? मोबाइल आल्यावर ते बंद झालं. दोन सेकंदांत फोटो निघतो, कुणी कुणाला काही विचारत नाही. मग तो प्रश्न मामा स्वतःच भरतात. आणि भरायचाच म्हटल्यावर दुसरा कुठला भरणार? आमच्याकडं पाव्हणा दारात चप्पल काढतो तेव्हा पहिल्यांदा पाऊसपाणीच विचारतो. मामांनी अख्खा सिनेमा आणि अर्धं मंत्रिमंडळ पाव्हणं करून टाकलं होतं. एरवी सोनपेठकडं पाऊस कसाय, हे मुंबईत कोण विचारतं? हा सगळा विचार मी त्यांना सांगितला नाही. सांगितला असता तर लगेच माझ्यासोबत फोटो काढला असता.

मग 2025 चा सप्टेंबर आला. पाऊस थांबेना. जायकवाडीतून तीन लाख क्युसेकच्या आसपास पाणी गोदावरीत सोडलं, आणि काठावरचं सोयाबीन शेंगांसकट पाण्याखाली गेलं. मामांचं रान काठालाच. पाणी ओसरल्यावर पीक सडलेलं आणि वरची माती खरडून गेलेली. दुकानाची उधारी सगळी त्याच पट्ट्यात, म्हणजे तीही त्याच पाण्यात.

पाहणीला एक बडे नेते आले. नवे गमबूट, मागं गाड्यांची रांग. मामा ड्रायव्हरकडं गेले नाहीत, बांधावरच उभे होते. साहेबांच्या माणसानंच त्यांना दंडाला धरून ओढलं. "बाबा, या इकडं. साहेबांच्या बाजूला. थोडं पुढं, चिखल दिसू द्या." साहेबांनी खांद्यावर हात ठेवला, कॅमेऱ्याकडं बघितलं आणि गाडीकडं वळले. दुसऱ्या दिवशी पेपरात रंगीत फोटो, खाली 'शेतकऱ्यांना धीर देताना', साहेबांचं नाव पदासकट. मामांचं नाव नाही.

मी पेपर घेऊन दुकानात गेलो. या फोटोत साहेबांचं तोंड मिटलेलं होतं आणि मामांचं उघडं.

"काय बोलायलात हो तुम्ही?"

"मी सांगायलो होतो," मामा म्हणाले, "पाऊस कसाय ते."

"मग?"

"मग काय! फोटो झाला होता."

मामांचं पोरगं म्हणालं, फ्रेम करून लावू, एवढे मोठे साहेब आहेत, स्वतःहून खांद्यावर हात ठेवलाय. मामांनी पेपर घेतला, आधी चष्मा लावून आणि मग काढून बघितला, आणि परत माझ्याकडं दिला.

"नको," ते म्हणाले. "यात साहेब नीट आले नाहीत."