माहेरबंदी

राजदूत १७५ ही फरीदाबादची लेक. एस्कॉर्ट्सच्या कारखान्यातून निघाली आणि आमच्याकडे दुधाच्या किटल्या वाहून म्हातारी झाली. टू-स्ट्रोक इंजिन, दुखणी मोजकी. प्लग काळा-ओला दिसला की पॉलिश पेपरने घासायचा, फटीत जुनं ब्लेड सरकवून अंतर बघायचं. कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये एक फुंकर. सायलेन्सरची आतली नळी काढून काजळी जाळायची (शेजारी नवे असतील तर गल्लीत मुळीच नको). पेट्रोलमध्ये ऑईल मापाने. हात सैल सुटला की मागच्याला खोकला. एवढं केलं की तिसऱ्या किकला बाई बोलते.

पण माहेरी जायची सोय नाही. दिल्ली परिसरात पेट्रोलची गाडी पंधरा वर्षांपुढे चालवायची नाही, असं २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावलं. पुढे दोर कधी सैल, कधी ताठ. प्लग किती स्वच्छ हे कुणी विचारत नाही, जन्मतारीख विचारतात. त्यामुळे फरीदाबादेत देखभाल फार सोपी झाली आहे: कॅलेंडर बघायचं. शेजारच्या नव्या स्कूटरचा एअर फिल्टर धुळीने गच्च, ऑईल काळं ठिक्कर, पण मालक निश्चिंत. वय अवघं चार!