खुंटावरून वळसा

बावीस वर्षं इंदूरच्या एका कॉलेजात मी खो-खो शिकवला. हुद्दा प्रशिक्षकाचा, पगाराच्या जागी मानधन. याच गावात होळकर महाराजांनी सी. के. नायडूंना बोलावून लष्करात हुद्दा दिला आणि पुढे होळकर संघानं रणजी करंडक चार वेळा जिंकला. मला कॉलेजनं कपाटाची किल्ली दिली होती. एका जूनमध्ये तीही परत मागितली.

इंदुरात माणूस रिकामा झाला की त्याला सगळे एकच सांगतात, "भिया, पोहे का ठेला लगा लो." शेजारच्या काकांनी तर भांडवल म्हणून जिरावणाची पुडीही आणून दिली. मी विमा विकून पाहिला. पण माझ्याकडे पाठ करून बसलेला माणूस दिसला की थाप मारून "खो" म्हणायला हात शिवशिवतो. दोन गिऱ्हाइकं खरोखरच उठून पळाली.

शेवटी मेहुण्याच्या केटरिंगमध्ये वाढप्यांवर देखरेखीला लागलो. पहिल्याच पंगतीत भातवाला आणि आमटीवाला समोरासमोर धडकले आणि आमटी व्याह्यांच्या उपरण्यावर गेली. दुसऱ्या दिवशी मी मैदान आखलं. मांडवाचे दोन टोकांचे खांब हे खुंट. वाढप्यानं एकदा दिशा धरली की खुंट गाठल्याशिवाय मागे वळायचं नाही, मधली पाटी ओलांडायची नाही. नियम काही माझ्या घरचे नव्हेत. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं खो-खोची नियमावली केली, ती काय नुसती कपाटात ठेवायला? शिट्टी खिशात होतीच.

टकरा थांबल्या. फक्त जिलबीवाला पुढे गेल्यावर एका आजींनी हाक मारली, "अरे बाळा, एक वाढ रे."

बाळ थबकला. मी शिट्टी ओठांना लावली.

"आजी, तो खुंटावरून फिरून येईल."

आजींनी मान वळवून खुंट पाहिला. मध्ये तीस पानं होती. "तोवर मी असेन का?" त्या म्हणाल्या. जिलबीवाल्यानं सरळ मागे वळून दोन वाढल्या. फाऊल! पण माझी शिट्टी पंगतीच्या हसण्यात बुडाली.

१९ जानेवारी २०२५. दिल्लीत खो-खोच्या पहिल्यावहिल्या विश्वचषकाचे अंतिम सामने, दोन्हीकडे समोर नेपाळ. आमच्याकडे नेमका साखरपुडा. मोबाइल बेसनाच्या डब्याला टेकवून मी बसलो. मुलींनी ७८-४० नं सामना मारला तेव्हा आचारी झारा घेऊन माझ्या मागे उभा होता. मुलांचा सामना रंगात आला तेव्हा कढईतला घाणा कोळसा झाला होता. धूर बघून मेहुणा धावत आला.

"भाऊजी, बाहेर पानं रिकामी आहेत!"

"दोन मिनिटं."

त्यानं मोबाइलकडे पाहिलं. "यात आपले कोणते?"

"बसलेत ते."

तोही समोरच्या तांदळाच्या पोत्यावर बसला. त्याची पाठ नेमकी माझ्या हाताशी आली होती.